पेल्यात काय आहे, हातात काय आहे : वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रांत एकच शंका वेगवेगळ्या शब्दांत विचारलेली दिसली. आपण पैसे मोजून जे घेतो, ते नेमके कशाचे बनलेले असते? म्हणून उत्तरेही त्याच अंगाने दिली आहेत.

प्रश्न (उदगीर) : मी साखर कारखान्याच्या डिस्टिलरी विभागात नोकरीला आहे. आमच्या मळीपासून तयार होणारा मद्यार्क टँकरने बाहेर जातो आणि पुढे त्याची व्हिस्की होते, असे आम्ही ऐकतो. मुंबईचे माझे मेहुणे मात्र म्हणतात, की मळीची व्हिस्की ही व्हिस्कीच नव्हे. खरे काय मानावे?

उत्तर : युरोपच्या कायद्याप्रमाणे आपल्या मेहुण्यांचे म्हणणे बरोबर आहे, आपल्या देशातील नियमांप्रमाणे मात्र ते पूर्णपणे बरोबर नाही. युरोपीय संघात व्हिस्की धान्यापासूनच करावी लागते आणि ती लाकडी पिंपात किमान ३ वर्षे मुरवावी लागते. स्कॉच म्हणवून घ्यायचे असेल, तर ती ३ वर्षे स्कॉटलंडमध्येच, ७०० लिटरपेक्षा मोठ्या नसलेल्या ओकच्या पिंपात जावी लागतात आणि बाटलीतील मद्यार्काचे प्रमाण ४० टक्क्यांच्या खाली जाता कामा नये. भारतात मात्र तटस्थ मद्यार्कावर आधारलेल्या पेयालाही व्हिस्की म्हणण्याची मुभा आहे.

तटस्थ म्हणजे काय, हे आपल्याला मी सांगण्याची गरज नाही, पण इतर वाचकांसाठी लिहितो. मळी आंबवून उंच स्तंभांतून तिचे ऊर्ध्वपातन करतात आणि मद्यार्क सुमारे ९६ टक्क्यांपर्यंत नेतात. तिथवर पोहोचताना उसाचा वास, चव, ओळख असे जवळजवळ काहीच उरत नाही. पुढे त्यात पाणी, थोडा माल्टचा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या सातूचा, मद्यार्क किंवा आयात केलेली स्कॉच, स्वाद आणि कॅरॅमलचा रंग मिसळला जातो. आज अनेक कंपन्या मळीऐवजी तुटका तांदूळ किंवा मका वापरतात, परंतु मद्यार्क तटस्थ असेल तर धान्याचीही चव उरत नाही.

सिंगल माल्टची, म्हणजे एकाच डिस्टिलरीत फक्त अशा सातूपासून केलेल्या व्हिस्कीची, रीत याच्या नेमकी उलट आहे. सातू भिजवून त्याला मोड आणतात. आपल्या घरी नाचणीचे सत्त्व करताना आणतात, तसेच. मोड आल्यावर धान्यातील विकरे जागी होतात आणि पिठूळ भागाची साखर करू लागतात. मग ते धान्य वाळवून, भरडून, गरम पाण्यात त्याची साखर उतरवून, आंबवून तांब्याच्या भांड्यांत सहसा दोनदा ऊर्ध्वपातन केले जाते. हे तांबे केवळ शोभेचे नसते, कारण ते गंधकाचे उग्र वास शोषून घेते. स्तंभाच्या मानाने अशा भांड्यात शुद्धी कमी होते आणि म्हणूनच धान्याची चव मागे राहते. स्कॉटलंडच्या आयला बेटावर सातू वाळवताना पीटचा, म्हणजे दलदलीत साचून दबलेल्या वनस्पतींच्या थराचा, धूर देतात. हिवाळ्यात आगटीत गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर भाजलेला ज्वारीचा हुरडा ज्याने खाल्ला आहे, त्याला धूर दाण्यात कसा उतरतो हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. वास निराळा असला, तरी कृती तीच आहे.

बाटली हातात घेतल्यावर समोरचे सोनेरी चित्र सोडून मागची बारीक अक्षरे वाचावीत. त्यात ‘सिंगल माल्ट’, ‘ग्रेन न्यूट्रल स्पिरिट’ (धान्याचा तटस्थ मद्यार्क) किंवा नुसते ‘न्यूट्रल स्पिरिट’ यांपैकी काय लिहिले आहे, यावर बाटलीची खरी किंमत ठरते. बहुतेक भारतीय बाटल्यांवर दिसणारा ४२.८ टक्के हा आकडा इंग्रजांच्या जुन्या मापातून आलेला आहे. त्या मापात १०० अंश प्रूफ म्हणजे सुमारे ५७.१ टक्के, आणि त्याचे ७५ अंश म्हणजे हा आकडा.

आता माझे मत सांगतो. मळीच्या मद्यार्कात कमीपणा नाही, परंतु त्याला धान्याचे सोंग घ्यायला लावण्यात उसाचाच अपमान आहे. उसाची चव जपून केलेले पेय म्हणजे रम. हरियाणातील पिकाडिली कंपनीने थेट उसाच्या रसापासून केलेली आणि १२ वर्षे मुरवलेली कामिकारा ही रम बाजारात आणली आहे. ज्या मराठवाड्यात रसाचे गुऱ्हाळ आणि मळीची टाकी दोन्ही आहेत, तिथे असा प्रयोग कोणीतरी मनापासून करावा, असे मला फार वाटते. आपल्या उन्हाची भीती बाळगण्याचेही कारण नाही. स्कॉटलंडमध्ये पिंपातून वर्षाला साधारण २ टक्के मद्य उडून जाते आणि त्याला तिथे देवदूतांचा वाटा म्हणतात. बंगळुरूत हेच प्रमाण १० टक्क्यांच्या पुढे जाते. तिथल्या अमृत कंपनीने हा तोटा सोसून २००४ मध्ये आपली सिंगल माल्ट थेट ग्लासगोमध्ये सादर केली आणि उष्ण हवेत माल्ट लवकर मुरतो, हे स्कॉटलंडच्याच घरात जाऊन दाखवले.

प्रश्न (छत्रपती संभाजीनगर) : व्हिस्कीत पाणी घालणे हा अडाणीपणा आहे, असे मित्र म्हणतात. मला तर कोरी व्हिस्की घशात जाळ वाटते. बर्फ, सोडा, पाणी यांपैकी काय योग्य?

उत्तर : पाणी निःसंकोच घालावे. स्वीडनच्या लिनिअस विद्यापीठातील दोन संशोधकांनी २०१७ मध्ये संगणकीय प्रतिरूपाच्या साहाय्याने दाखवले, की व्हिस्कीला धुराचा वास देणारा ग्वायकॉल हा रेणू मद्यार्काचे प्रमाण साधारण ४५ टक्क्यांपर्यंत असेल तर पृष्ठभागाजवळ राहतो आणि तीव्र मद्यात तो आत दडतो. म्हणजे पाण्याने वास मरत नाही, तो वर येतो. आधी कोरा वास घ्यावा, मग चमच्याने थोडे थोडे पाणी घालत जावे आणि जिथे जाळ संपून चव सुरू होते तिथे थांबावे. ती जागा प्रत्येकाची वेगळी असते.

बोअरचे पाणी मात्र वापरू नये. आपल्याकडच्या काळ्या खडकातून येणाऱ्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार भरपूर असतात, आणि त्यांची खडूसारखी चव पेल्यात उतरते. गाळलेले, सौम्य पाणी घ्यावे. बर्फाने वास दबतो, म्हणून चांगल्या माल्टमध्ये तो टाळावा. मात्र मे महिन्यात आपल्याकडे पारा ४२ अंशांवर असताना एक मोठा खडा टाकला, तर त्यात काही चूक नाही. लहान खडे पटकन वितळतात आणि पेला पाणचट होतो. सोड्याचा तिखटपणा हलक्या मिश्र (ब्लेंडेड) व्हिस्कीला शोभतो. गार पाणी घातल्यावर एखादी व्हिस्की किंचित गढूळ झाली, तर ती भेसळ समजू नये. थंड करून न गाळलेल्या व्हिस्कीतील तेलकट घटक असे दिसू लागतात.

पाण्याचा विषय निघाला आहे, म्हणून एक गोष्ट लिहितो. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला रेल्वेने पाणी येत होते आणि त्याच महिन्यात उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने इथल्या मद्यउद्योगांच्या पाण्यात मोठी कपात करण्याचा आदेश दिला होता. आपल्या पेल्यातील पाणी कुठल्या धरणाचे आहे, याची जाणीव मराठवाड्यातील रसिकाला इतरांपेक्षा अधिक असते, आणि ती तशी असावी.

प्रश्न (परभणी) : भाच्याने परदेशातून आणलेली १२ वर्षांची स्कॉच मी कपाटात आडवी ठेवली आहे. अजून १० वर्षांनी ती २२ वर्षांची होईल का? आणि ती घरात ठेवण्यासाठी परवाना लागतो का?

उत्तर : व्हिस्कीचे वय पिंपात वाढते, बाटलीत नाही. ती १२ वर्षांचीच राहील. आजच ती उभी करून ठेवावी, कारण तीव्र मद्यार्काने बूच झिजते. माझ्या हातून अशीच एक बाटली गेली आणि बुचाचा भुगा गाळून घ्यावा लागला. पत्र्याच्या खोलीत किंवा उन्हाच्या खिडकीत ती ठेवू नये. फोडल्यानंतर निम्मी झाली, की काही महिन्यांत संपवावी, कारण आत शिरलेल्या हवेने चव उतरत जाते. परवाना मात्र लागतो. महाराष्ट्रात विदेशी मद्य बाळगण्यास आणि पिण्यास परवाना आवश्यक आहे, तो वार्षिक किंवा आजीवन मिळतो आणि त्यासाठी वयाची २५ वर्षे पूर्ण असावी लागतात.

प्रश्न (बीड) : मला मधुमेह आहे, मेटफॉर्मिन चालू आहे. एक पेग चालेल का?

उत्तर : हा प्रश्न आपल्या डॉक्टरांनाच विचारावा, आणि ते नाही म्हणाले तर ते ऐकावे. मेटफॉर्मिनबरोबर मद्य घेतल्यास रक्तात लॅक्टिक आम्ल साचण्याचा धोका वाढतो आणि रिकाम्या पोटी साखर धोकादायकरीत्या खाली येऊ शकते. ६० मिलीच्या पेगात सुमारे २० ग्रॅम शुद्ध मद्यार्क असतो, हेही लक्षात असू द्यावे. ५ टक्क्यांच्या अर्धा लिटर बिअरमध्येही तेवढाच असतो, म्हणून ‘फक्त बिअर’ या समजुतीला अर्थ नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट सांगितले आहे, की मद्याचे पूर्णपणे निर्धोक असे कोणतेही प्रमाण नाही. जे घेतात त्यांनी कमी आणि चांगले घ्यावे, जे घेत नाहीत त्यांनी सुरू करू नये.

प्रश्न (नांदेड) : वडिलांना बिदरी कामाचे दोन पेले भेट मिळाले होते. त्यांत व्हिस्की प्यावी असे वाटते. शिवाय खिशात ठेवायची बाटली (हिप फ्लास्क) आणि चामडी पट्टा विकत घ्यायचा आहे. आधीच्या पट्ट्यावर ‘अस्सल चामडे’ असे लिहिलेले होते, तरी वर्षभरात त्याचे पापुद्रे निघाले.

उत्तर : पेले जपून ठेवावेत, परंतु त्यांत पिऊ नये. बिदरी म्हणजे मुख्यतः जस्त आणि थोडे तांबे यांचा मिश्रधातू. त्यावर चांदीची तार किंवा पत्रा ठोकून बसवतात आणि मग बिदरच्या किल्ल्यातील माती व नवसागर यांच्या लेपाने धातू काळा करतात. चांदीवर त्या लेपाचा परिणाम होत नाही, म्हणून ती तशीच झळकत राहते. हे काम पाहण्यासाठी आहे, आणि लिंबू किंवा सोड्यासारख्या आंबट पदार्थांत जस्त विरघळते. १९५६ पर्यंत बिदर आणि नांदेड एकाच हैदराबाद राज्यात होते, तेव्हा हे पेले आपल्याच घरातील वारसा समजून काचेच्या कपाटात मानाने ठेवावेत. पिण्यासाठी खाली फुगीर आणि वर निमुळता असा साधा काचेचा पेला उत्तम, कारण त्याच्या तोंडाशी वास एकवटतो. शिसेयुक्त स्फटिकी काचेच्या सुरईत मद्य साठवून मात्र ठेवू नये, कारण त्यात शिसे उतरते. खिशातील बाटली न गंजणाऱ्या पोलादाची, १८/८ प्रतीची (१८ टक्के क्रोमियम, ८ टक्के निकेल) घ्यावी आणि दोन-तीन दिवसांहून अधिक काळ तिच्यात काही ठेवू नये.

पट्ट्याची फसवणूक शब्दांची आहे. कातडे जाडीत चिरले, की वरचा थर सर्वांत घट्ट तंतूंचा असतो आणि खालचा सैल. खालच्या थरावर प्लास्टिकचा मुलामा देऊन त्यावर रंध्रे छापली, तरी ते ‘अस्सल चामडे’ म्हणूनच विकले जाते. आपल्या पट्ट्याचा सुटला तो मुलामा होता. खरेदी करताना पट्ट्याची कड पाहावी. दोन थर चिकटवून कडेला रंगाचा जाड लेप दिला असेल, तर नाही म्हणावे. एकसंध जाडीचा, वाकवल्यावर बारीक सुरकुत्या दाखवणारा आणि सरळ केल्यावर त्या मिटवणारा पट्टा घ्यावा. बाभळीची साल आणि हिरडा यांच्या काढ्यात कमावलेले चामडे सुरुवातीला ताठ असते, त्याला गोडसर मातकट वास येतो आणि वापरता वापरता त्याचा रंग गडद होत जातो. ते महाग असते, पण वर्षांच्या हिशेबाने स्वस्त पडते. आपल्या कोरड्या उन्हाळ्यात दोनदा तेलाचा हलका हात फिरवावा. पावसाळ्यात मात्र ते प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नये, लगेच बुरशी धरते.

प्रश्न (जालना) : आमच्या शेतावर दरवर्षी हुरडा पार्टी होते. निम्मे पाहुणे पीत नाहीत आणि त्यांच्या हाती बाटलीतील गोड शीतपेय द्यायला मला लाज वाटते. दुसरे काही सुचवाल का?

उत्तर : आपल्या मनातील ही लाज मला फार मोलाची वाटली. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे आणि ती आपल्या बांधावर आहे, मग दुकानात जाण्याची गरजच नाही. मात्र रस सकाळी काढून ठेवू नये, कारण ठेवलेल्या रसात हळूहळू लिमोनिन हे कडू द्रव्य तयार होते आणि तो कडवट होतो. ऐन वेळी, बिया न चिरडता रस काढावा. आदल्या रात्री गुळाच्या पातळ पाकात ठेचलेले आले आणि चार मिरी उकळून, गाळून ठेवावे. एका पेल्यात दोन चमचे हा पाक, चिमूटभर सैंधव, निम्मा पेला मोसंबीचा रस घेऊन वरून गार सोडा ओतावा आणि फार ढवळू नये. धुराची ओढ असेल, तर मोसंबीची एक फोड आगटीच्या निखाऱ्यावर क्षणभर धरून पेल्यात टाकावी. हुरड्याबरोबर लसणाची चटणी असतेच. तिच्या तिखटाला आल्याचा हा गोड-आंबट घोट उत्तम पेलतो आणि पिणाऱ्या पाहुण्यांनीही आधी हाच पेला मागितला, तर पाक थोडा जास्तच करून ठेवावा.