सिल्व्हरमधून वर यायचंय? आधी खिशात किती आहेत ते बघा

व्हॅलोरंट म्हणजे पाच विरुद्ध पाच असा ऑनलाइन बंदूकबाजीचा खेळ, आणि सिल्व्हर ही त्यातली खालची एक रँक. एकाचा प्रश्न असा आहे : 'व्हॅलोरंटमध्ये बरेच महिने सिल्व्हर 2 ला अडकलोय. रोज डेथमॅच (नुसता मारामारीचा सराव) खेळतो, एम (नेम) चांगला आहे, पण टीममेट भिकार मिळतात. रँक कसा वाढवू? सेन्सिटिव्हिटी किती ठेवू?'

'एम चांगला आहे, पण' एवढं वाचलं आणि बाकीची कामं बाजूला ठेवून लिहायला बसलो. माझ्या बहिणीचा मुलगा हेच वाक्य मला वर्षानुवर्षं ऐकवतोय. तो अजून प्लॅटिनममध्ये आहे आणि चाळिशीला टेकलेला मी, ब्रिमस्टोन (धुराचे पडदे, म्हणजे स्मोक, टाकणारं पात्र) खेळून, त्याच्या वरच्या डायमंडमध्ये. त्याच्या मते मला लोक 'कॅरी' करतात, म्हणजे खांद्यावर बसवून जिंकवतात.

एक मॅच सांगतो. भाचा आणि त्याचे हॉस्टेलचे मित्र मिळून चौघं होते. रँक्डमध्ये चौघांची पार्टी चालत नाही. एक, दोन, तीन, नाहीतर थेट पाच. म्हणून मामाची आठवण झाली. मॅप असेंट. भाच्याने जेट (पुढे घुसून मारणारं, सगळ्यांना हवं असलेलं पात्र) इन्स्टालॉक केली, म्हणजे कुणाला न विचारता लगेच पकडली, हे सांगायलाही नको. पहिला हाफ 5-7. दुसऱ्या हाफमध्ये आम्ही अटॅकला (बॉम्ब लावणाऱ्या बाजूला), पिस्तूल राउंड, म्हणजे हाफचा पहिला राउंड, हरलो, 5-8.

आता इथे सिल्व्हरवाले काय करतात? दर राउंडनंतर बंदुका घ्यायला खेळातले पैसे मिळतात. हरल्याचे 1900 मिळाले की 1600 ची स्पेक्टर ही छोटी बंदूक घेतात आणि धावतात. समोरच्यांकडे शील्ड (चिलखत) असतं, परत मार खातात. मग उरलेले 300 आणि सलग दुसऱ्यांदा हरल्याचे 2400 मिळून 2700. व्हँडल ही चांगली रायफल 2900 ला. म्हणजे तिसऱ्या राउंडलाही भिकारीच. मी माइकवर सांगितलं, कुणी काही घ्यायचं नाही, शिव्या द्या पण घेऊ नका. 'मामा, तू पतसंस्था चालवतोयस का' वगैरे झालं. 5-9. पण पुढच्या राउंडला पाचही जणांकडे 1900 अधिक 2400, असे 4300 : व्हँडल, पूर्ण शील्ड 1000, आणि वर 400 अॅबिलिटीला (पात्राच्या खास शक्तींना). समोरचे अजून स्पेक्टरवरच होते. लांबून डोक्यात एक गोळी आणि खेळ खलास. तिथून आम्ही 11-11 केलं. मी काय केलं? दर राउंडला तीन स्मोक योग्य जागी टाकले आणि सगळ्यांचे पैसे बघत बसलो. स्कोअरबोर्डवर मी तळाला होतो, तेही सांगून टाकतो.

मग एक राउंड गेला, 11-12. आता पैसे साठवण्यात काही अर्थ नाही, कारण हरलो तर मॅच संपली आणि 12-12 झालं तर ओव्हरटाइममध्ये सगळ्यांना सारखेच 5000 मिळतात. भाच्याकडे साडेसात हजार पडले होते. त्याच्या एका मित्राकडे नुसती पिस्तूल; तो बिचारा 'ड्रॉप दे, ड्रॉप दे', म्हणजे मला एक बंदूक घेऊन दे, करत होता. स्वतःची व्हँडल आणि शील्ड 3900 ला घेऊन मित्राला दुसरी व्हँडल सहज देता आली असती. साहेबांनी 4700 ची ऑपरेटर ही स्नायपर घेतली आणि मॅपच्या मधोमध, मिडमध्ये, जाऊन उभे राहिले.

आम्ही बी साइटवर (बॉम्ब लावायच्या एका जागेवर) घुसलो, स्पाइक (बॉम्ब) लावला, एकेक करून मेलो. मेल्यावर जिवंत असलेल्याचा स्क्रीन दिसतो, म्हणून पुढचं सगळं मी भाच्याच्याच डोळ्यांनी पाहिलं. डिफ्यूज, म्हणजे स्पाइक निकामी करणं, सुरू झाल्याचा आवाज येतोय. पूर्ण डिफ्यूजला सात सेकंद लागतात. मिडमधून मार्केट ओलांडलं की बी साइट. आणि हा स्कोप लावून दुसऱ्या बाजूच्या कॅटवॉककडे बघतोय, तिकडून कुणीतरी येईल म्हणून. आला एक, त्याला मारला. 27 वा किल. मागे डिफ्यूज पूर्ण, 11-13.

त्याचं पहिलं वाक्य : 'टॉप फ्रॅग मीच आहे, बघ.' म्हणजे सगळ्यात जास्त किल त्याचे.

तुमच्या टीममेटना भिकार म्हणण्याआधी तुमची शेवटची हरलेली मॅच उघडून बघा. त्यात तुमचे किल किती होते ते सोडा. प्रत्येक राउंडच्या सुरुवातीला पाच जणांकडे काय काय होतं ते बघा. दोघांकडे रायफल, दोघांकडे पिस्तूल आणि एकाकडे शॉटगन असा बाजार दिसेल, आणि त्या रायफलवाल्या दोघांपैकी एक तुम्ही असाल. मुंबई सर्व्हरवर अनोळखी लोक ऐकत नाहीत म्हणाल. निम्मे ऐकतात. 'ये राउंड सेव्ह करते हैं भाई' एवढं बाय फेजच्या पहिल्या दोन सेकंदांत बोला, कुणी खरेदी करायच्या आधी. नंतर बोललात तर तो उपदेश होतो. आणि पैसे जास्त असतील तर कुणी मागायच्या आत बंदूक द्या. ज्याला तुम्ही व्हँडल दिलीत तो पुढे पूर्ण मॅच तुमचं ऐकतो, हा माझा अनुभव आहे.

आणि जेट सोडा. सिल्व्हरमध्ये प्रत्येक लॉबीत जेटला तीन उमेदवार असतात आणि स्मोकवाला एकही नसतो.

हां, तुम्ही चालता चालता गोळ्या झाडत असाल तर वरचं काहीच उपयोगाचं नाही, आधी थांबून मारायला शिका. खालच्या रँकमध्ये तुमच्या स्वतःच्या कामगिरीचाही आरआरवर (रँकच्या गुणांवर) थोडा परिणाम होतो, त्यामुळे माझ्यासारखं कायम तळाला राहून चढायचं तर वेळ जास्त लागेल. भाच्याचा हा एक मुद्दा बरोबर आहे, पण त्याला सांगू नका.

सेन्सिटिव्हिटीचं, म्हणजे माउस हलवला की निशाणा किती सरकतो त्याचं, राहिलंच. माउसच्या 800 डीपीआयला 0.3 ते 0.4 च्या आसपास बरेच चांगले खेळाडू असतात. त्यातली एक धरा आणि मग तिला हात लावू नका. भाचा दर आठवड्याला बदलतो.