बेरोजगारीचा मासिक आकडा आणि पोराचा ऑप्शन फॉर्म

(कागल तालुक्यातील एका पालकांचं पत्र: मुलाचा मेकॅनिकलचा डिप्लोमा यंदा झाला. थेट दुसऱ्या वर्षाला डिग्रीला जायचंय. एप्रिल 2025 मध्ये बेरोजगारी 5.1 टक्के होती, मे मध्ये 5.6 झाली, असं वाचलं. आपल्या राज्यात कारखान्यांत नोकऱ्या उरल्या नाहीत का? मेकॅनिकल सोडून त्याला पुण्याला कॉम्प्युटरला घालू का? तो नको म्हणतोय.)

सप्रेम नमस्कार.

तुम्ही वाचलेला आकडा खरा आहे, पण तो अख्ख्या देशाचा आहे. केंद्राच्या श्रमबल पाहणीचे मासिक आकडे एप्रिल 2025 पासून यायला लागले. त्यात महाराष्ट्राचा वेगळा आकडा नसतो, मग कोल्हापूरचा कुठून असणार? मे महिन्यात रब्बीची कामं आटोपलेली असतात, ऊन तापलेलं असतं, शेतावरची मजुरी कमी होते. एका महिन्यातली अर्ध्या टक्क्याची वाढ बरीचशी त्यातली आहे. तिचा आपल्या गोकुळ शिरगावच्या फौंड्रीशी, म्हणजे धातू ओतणाऱ्या कारखान्याशी, फारसा संबंध नाही.

शिवाय या पाहणीत आठवड्यात एक तास जरी काम मिळालं तरी माणूस रोजगारात धरतात. जो काम शोधतच नाही, तो बेरोजगारांतही येत नाही. म्हणजे लोकांनी कंटाळून शोधणं सोडलं तर टक्का उलट खाली येईल.

पण म्हणून सगळं आलबेल आहे असं मी सांगणार नाही. त्याच मे महिन्यात 15 ते 29 वयोगटातली बेरोजगारी 15 टक्के होती. तुमच्या मुलाचा आकडा हा. आणि तो कॉम्प्युटरवाल्या पोरांनाही तितकाच लागू आहे, हे विसरू नका.

पीएफमध्ये नवे कामगार किती आले याचे मासिक आकडेही पेपरात येतात, त्यात महाराष्ट्र बहुतेक वेळा सगळ्यांत पुढे असतो. त्यानेही हुरळू नका. पीएफ साधारणपणे वीस किंवा जास्त कामगारांच्या ठिकाणी लागतो. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या दहा-बारा जणांच्या वर्कशॉपमधली पोरं त्यात दिसतच नाहीत. आणि एखाद्या जुन्या शॉपने विसावा माणूस घेतला की आधीचे एकोणीसही ‘नवे’ म्हणून मोजले जातात.

मुलगा आज प्रवेश घेईल तो तीन वर्षांनी बाहेर पडेल. उसाची आडसाली लागण करताना तुम्ही त्या महिन्याचा गुळाचा सौदा बघता का?

माझं मत सांगतो. तो स्वतः मेकॅनिकल म्हणतोय, तर तिथून उपटू नका. मात्र नुसत्या डिग्रीवर इथे भागणार नाही. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगले या पट्ट्यातलं काम मुख्यतः कास्टिंग (धातूचं ओतकाम) आणि मशिनिंगचं (ओतलेला भाग कापून-घासून मापात आणण्याचं). त्याचं गिऱ्हाईक वाहनं, ट्रॅक्टर, पंपवाले. त्यांची मागणी पडली की इथल्या पाळ्या कमी होतात, हे धरूनच चालायचं. नुसतं मशीन चालवणाऱ्याला पगार बेताचाच मिळतो. सीएनसीचा (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनचा) प्रोग्रॅम लिहिणारा, कास्टिंगमधला दोष कुठून आला ते सांगणारा, मोजमाप आणि क्वालिटीचे कागद सांभाळणारा, याला जास्त मिळतो आणि पुणे-चाकणलाही दार उघडं राहतं. कॉलेज निवडताना इमारत बघू नका, वर्कशॉपला कुलूप असतं की नाही ते बघा.

डिग्रीचा खर्च जड जात असेल तर आधी वर्षभर अप्रेंटिसशिप करू द्या. 1961 च्या कायद्याखाली स्टायपेंड मिळतो. पुढे कायम करतीलच असं मात्र नाही. ‘सहा महिन्यांत नोकरीची हमी’ म्हणणाऱ्या क्लासला कर्ज काढून पैसे भरू नका, एवढं मात्र हात जोडून सांगतो.

कॉलेज-शाखेच्या पसंतीचा ऑप्शन फॉर्म भरण्याआधी तीन-चार शॉपमध्ये जाऊन या. गेल्या वर्षभरात किती जण घेतले, किती सोडून गेले, डिप्लोमावाल्याला सुरुवातीला काय देता, आणि कास्टिंग कच्चं विकता की मशिनिंग करून, एवढं विचारा. मशिनिंग करून देणाऱ्याकडे शिकायला जास्त मिळतं. मुलाला बरोबर न्या, आणि विचारू त्यालाच द्या.