रशियातले 'जुने श्रद्धावंत' फक्त क्रूसाची खूण किती बोटांनी करायची यावरून चर्चपासून फुटले का?

वादाला तोंड बोटांवरून फुटलं हे खरं, पण फूट कायमची झाली ती सत्तेच्या बळजबरीमुळे. १६५३ पासून रशियन चर्चचा प्रमुख, पॅट्रिआर्क निकोन, याने ग्रीक रिवाजाप्रमाणे विधी बदलले. क्रूसाची खूण दोनऐवजी तीन बोटांनी, 'अलिलुया' हा स्तुतिघोष दोनऐवजी तीनदा, येशूच्या नावात एक अक्षर जास्त. पूर्वजांनी ज्या खुणेवर मोक्षाची भिस्त ठेवली, तीच १६६६-६७ च्या धर्मसभेने शापित ठरवली. हे लोकांना कसं सोसवेल? जुनी रीत न सोडणारे तेच 'जुने श्रद्धावंत'. जुन्या रीतीसाठी सोलोव्हेत्स्की मठ १६६८ ते १६७६ झारच्या सैन्याशी झुंजला. १६८२ मध्ये त्यांच्यातल्या धर्मगुरू अव्वाकुमला जिवंत जाळलं. बंदिवासात त्याने लिहिलेलं आत्मचरित्र जरूर वाचा, पोटतिडीक म्हणजे काय ते कळतं. चित्रकार सुरिकोव्हच्या १८८७ च्या चित्रात त्यांच्यातलीच, अटकेतली सरदारीण मोरोझोवा बर्फावरच्या गाडीतून जाताना बेडीचा हात उंचावून दोन बोटंच दाखवते.

मात्र यांना एकच पंथ समजू नका. काहींनी पुरोहित ठेवले, काहींनी पुरोहितच नाकारले. मॉस्कोच्या चर्चने १९७१ मध्ये जुने शाप मागे घेतले, तरी बहुतेक जण आजही वेगळेच आहेत.