बॅटमॅनचा मुलगा डेमियन वेन एवढा उद्धट का आहे?

कारण त्याला दुसरं काही शिकवलंच नव्हतं. आई तालिया अल घुल, आणि वयाच्या दहाव्या वर्षापर्यंतचं आयुष्य मारेकऱ्यांच्या टोळीत गेलेलं. २००६ च्या कॉमिकमध्ये तो बापाच्या घरी आला आणि आल्या आल्या तेव्हाचा रॉबिन (बॅटमॅनचा साथीदार) असलेल्या टिम ड्रेकच्या जिवावर उठला. त्याच्या हिशेबी रॉबिनची जागा अशीच मिळते! सगळ्यांना आडनावाने हाक मारणं, तुच्छतेने 'टट्' करणं, हे बरंचसं चिलखत आहे.

जनावरांपुढे मात्र गडी विरघळतो. कत्तलखान्यातून वाचवलेल्या गाईला त्याने घरी आणलं आणि तिथल्या तिथे जाहीर केलं, आजपासून मी शाकाहारी. माणसांत त्याचं खरं जमलं ते पहिला रॉबिन असलेल्या डिक ग्रेसनशी. (मला तर बापापेक्षा डिकच त्याचा पालक वाटतो.)