तात्यांना विसर पडतोय, की ऐकूच येत नाही?

"मॅडम, तात्यांचं डोकं चालेनासं झालंय. आमच्या शेजारच्या आजोबांचं असंच सुरू झालं होतं, आणि दोन वर्षांत ते पोराबाळांना ओळखेनात. आता सगळे सांगतात, कानाची मशीन लावा, म्हणजे हा आजार होत नाही. खरं आहे का हे?"

एप्रिलमध्ये मालवणहून आलेल्या एका सुनेचा हा प्रश्न. थोड्याफार फरकाने हाच प्रश्न माझ्याकडे इतक्या घरांतून येतो की ही हकीकत सविस्तर लिहावीशी वाटली. घरच्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

तात्या चौऱ्याहत्तर वर्षांचे. पस्तीस वर्षं मच्छीमारी बोटीवर तांडेल, म्हणजे बोटीचे प्रमुख, होते. आता बोट मुलगा बघतो. घरच्यांची तक्रार अशी की दोन वर्षांपासून ते विचित्र वागतात. विचारलं एक तर उत्तर देतात दुसरंच. संध्याकाळी जेटीजवळ जुन्या तांडेलांची बैठक असते, तिथे जाणं त्यांनी सोडलं. घरातही कोपऱ्यातल्या खुर्चीत गप्प बसून असतात. कळस झाला तो कुकरवरून. सून बाजारात जाताना सांगून गेली, "तीन शिट्या झाल्या की गॅस बंद करा." परत आली तर डाळ जळून कुकर काळा पडलेला, आणि तात्या शेजारच्याच खोलीत शांत बसलेले. महिन्याभरात दुसऱ्यांदा हेच झालं, तेव्हा घरात सगळ्यांनी ठरवून टाकलं की म्हाताऱ्याची स्मृती गेली.

काकी, म्हणजे तात्यांची बायको, माझ्यासमोर रडल्या. "ह्येंका काय सांगलला लक्षात रवना नाय." तात्या मात्र ठाम होते. "माका सगळा ऐकाक येता. लोकच तोंडातल्या तोंडात बोलतत."

हे शेवटचं वाक्य ऐकलं की मी सावध होते. त्या दिवशी मात्र मी आधी चूक केली. स्मरणाची प्राथमिक चाचणी घ्यायची म्हणून पाच शब्द सांगितले आणि लगेच परत म्हणायला लावले. डोक्यावर पंखा गरगरत होता, माझी नजर कागदावर होती आणि मी नेहमीच्या वेगात बोलत होते. माझे शब्द होते काठी, साखर, तवा, फूल, नारळ. तात्या म्हणाले, "पाटी… हवा… मूल… नारळ." साखर आलीच नाही. मी कागदावर एकच बरोबर अशी खूण केली आणि पुढे गेले. पाच मिनिटांनी आठवतील ते शब्द सांगा म्हटलं, तर म्हणाले, "पाटी, हवा, मूल, नारळ."

पेन तिथेच थांबलं. मघाशी जे चार शब्द म्हणाले होते, तेच चार, त्याच क्रमाने. ज्याची स्मृती ढासळली आहे त्याला हे जमत नाही. कानाने जे दिलं होतं ते मेंदूने जसंच्या तसं राखून ठेवलं होतं. कानानेच काठीची पाटी केली होती.

पंखा बंद केला, तात्यांच्या समोर खुर्ची घेतली आणि दुसरे पाच शब्द मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून त्यांना वाचायला दिले. पाच मिनिटांनी त्यातले चार आले. सूनबाई माझ्याकडे बघतच राहिली.

म्हणून मी प्रत्येक घरी सांगते, वयस्कर माणसाच्या विसराची तपासणी करायची असेल तर आधी कान तपासा. स्मृतीच्या बहुतेक चाचण्या तोंडी असतात. ज्याला प्रश्नच अर्धा ऐकू आला, तो नापास होणारच. आणि त्या नापास शिक्क्यावरून घरातले लोक त्याच्याशी बोलणं आणखी कमी करतात.

कानाच्या डॉक्टरांकडे गेल्यावर पहिल्यांदा मळ निघाला. आपल्याकडच्या दमट हवेत कानात बुरशीही पुष्कळ धरते, आणि वर्षानुवर्षं कानात कोमट खोबरेल तेल घालायची सवय तिला खतपाणीच घालते. कृपा करून कानात तेल ओतू नका. कान साफ झाल्यावर ऑडिओमेट्री झाली, म्हणजे बंद खोलीत हेडफोन लावून बारीक-मोठ्या सुरांचे आवाज ऐकवून केलेली तपासणी. तिचा आलेख बघितल्यावर कुकरचं कोडं सुटलं. जाड, खर्जातले आवाज तात्यांना बऱ्यापैकी ऐकू येत होते. 500 हर्ट्झला, म्हणजे खालच्या पट्टीत, ऐकू येण्याची पातळी 30 डेसिबल होती, पण वरच्या पट्टीत, 4000 हर्ट्झला, ती 70 वर गेली होती. हा आकडा जितका मोठा, तितकं ऐकू कमी. आलेखाच्या उजवीकडे रेघ कड्यावरून उतरल्यासारखी खाली. वयाने कान आधी वरच्या पट्टीतले आवाज गमावतो, आणि पस्तीस वर्षं डिझेल इंजिनाशेजारी काढली की नेमक्या त्याच भागाला मार बसतो. आतल्या कानातल्या केसांसारख्या बारीक पेशी एकदा गेल्या की परत येत नाहीत. कुकरची शिटी ही त्याच वरच्या पट्टीतली. पुढच्या खोलीत बसलेल्या तात्यांना ती वाजल्याचं कळलंच नव्हतं.

बोलण्याचंही तेच. आ, ओ, ऊ हे स्वर खालच्या पट्टीत असतात, तर स, श, फ, त, क यांचा आवाज वरच्या पट्टीत आणि मुळातच हलका. त्यामुळे अशा माणसाला आवाज येतो पण शब्द येत नाही. त्याला प्रामाणिकपणे वाटतं की आपले कान ठीक आहेत, लोकच पुटपुटतात. घरचे मग ओरडतात. ओरडल्याने स्वर आणखी मोठे होतात, व्यंजनं तशीच राहतात, आणि वर चेहऱ्यावर राग दिसतो. तात्या मला म्हणाले की सून सारखी चिडलेली असते. ती बिचारी फक्त मोठ्याने बोलत होती.

आता मूळ प्रश्न. मशीन लावली की स्मृतिभ्रंश टळतो का?

लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने 2024 च्या अहवालात स्मृतिभ्रंशाचे 14 असे धोके मांडले, ज्यांच्यावर आपण काहीतरी करू शकतो. ते सगळे दूर झाले तर जगातले सुमारे 45 टक्के रुग्ण टळू शकतील किंवा त्यांचा आजार पुढे ढकलता येईल असा त्यांचा हिशेब आहे, आणि त्यात कमी ऐकू येण्याचा वाटा 7 टक्के, सर्वांत मोठ्या वाट्यांपैकी एक. हा हिशेब साऱ्या लोकसंख्येचा आहे. तात्यांचा धोका 7 टक्क्यांनी कमी होईल असा त्याचा अर्थ होत नाही.

मशीनने नेमका किती फरक पडतो हे बघायला अमेरिकेत 70 ते 84 वयाच्या 977 जणांवर तीन वर्षं चाचणी झाली. तिचे निष्कर्ष 2023 मध्ये आले. निम्म्यांना श्रवणयंत्र आणि ते वापरायचं शिक्षण दिलं, निम्म्यांना आरोग्याची सर्वसाधारण माहिती. सगळ्यांचा एकत्र हिशेब केला तर दोन्ही गटांत फारसा फरक दिसला नाही. पण त्यातले जे वयाने जास्त होते आणि ज्यांना रक्तदाब, मधुमेह अशा तक्रारींमुळे मुळातच धोका जास्त होता, त्यांच्यात यंत्र वापरणाऱ्यांची बौद्धिक घसरण 48 टक्क्यांनी मंदावली. दुकानदार 48 चा आकडा सांगतात, पहिली गोष्ट सांगत नाहीत. मी दोन्ही सांगते. मशीन म्हणजे स्मृतिभ्रंशाची लस नाही.

तरीही मी तात्यांना मशीन घ्यायला लावली, आणि पुन्हा तसाच माणूस समोर आला तर पुन्हा तेच सांगेन. अर्धवट ऐकणारा मेंदू दिवसभर गाळलेल्या जागा भरत असतो. सगळी ताकद शब्द ओळखण्यात गेल्यावर ते लक्षात ठेवायला काय उरणार? आणि तात्यांनी जेटीवरची बैठक सोडली होती. हसणं कशावर चाललंय ते कळत नाही, आपण भलतंच बोललो तर चेष्टा होते, त्यापेक्षा घरी बसलेलं बरं. एकटेपणा हाही त्या 14 धोक्यांतला एक आहे, नैराश्यही आहे. तात्यांची झोप आणि भूक दोन्ही कमी झाली होती, त्याबद्दल आम्ही वेगळं बसून बोललो. "मशीन लावलय तर लोक बहिरो म्हणतले," ही त्यांची खरी भीती तेव्हा बाहेर आली. मी विचारलं, "आणि आता लोक काय म्हणतात?" ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

घरात एक यंत्र आधीच पडून होतं. मुलाने ऑनलाइन दीड हजारांत मागवलेलं. ते सगळेच आवाज सारखे मोठे करायचं आणि कानात शिट्ट्या मारायचं, म्हणून कपाटात गेलं होतं. ऑडिओमेट्रीच्या आलेखाप्रमाणे जुळवलेली डिजिटल मशीन निराळी, ती जी पट्टी कमी ऐकू येते तीच उचलते. एका कानाची किंमत साधारण 15-20 हजारांपासून सुरू होते आणि लाखाच्या वरही जाते. मधल्या किमतीची मशीन आणि तिच्या जुळवणीसाठी चार फेऱ्या हे महागडी मशीन घेऊन एकदाही परत न जाण्यापेक्षा केव्हाही चांगलं. राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत 65 वर्षांवरच्या, उत्पन्नाच्या अटीत बसणाऱ्यांना उपकरणांसाठी 3000 रुपये मिळतात. ते पुरत नाहीत, पण अर्ज जरूर करावा. दारिद्र्यरेषेखालच्या ज्येष्ठांसाठी केंद्राची राष्ट्रीय वयोश्री योजना आहे, त्यात प्रत्यक्ष यंत्र मिळतं.

तात्यांसाठी आम्ही कानामागे बसणारी, 13 नंबरच्या बॅटरीची मशीन निवडली. जाळी ओढून ओढून त्यांची बोटं जाड आणि राठ झालेली. त्याहून बारीक बॅटरी त्यांना बसवता आली नसती. चार्जिंगची घेतली नाही, कारण पावसाळ्यात गावात वीज कधी आणि किती वेळ जाईल याचा भरवसा नसतो. बॅटरीवरचं नारिंगी स्टिकर काढायचं, मिनिटभर हवा लागू द्यायची, मग बसवायची. रात्री बॅटरीचं झाकण उघडं ठेवून मशीन ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या डबीत. कोकणात ही डबी नसेल तर पहिल्याच पावसाळ्यात मशीन दमट हवेने आणि घामाने बिघडते.

पहिले पंधरा दिवस कठीण गेले. वर्तमानपत्राची घडी मोडली तरी तात्या दचकायचे, भांड्यांचा आवाज डोक्यात जायचा, स्वतःचा आवाज मडक्यातून आल्यासारखा वाटायचा. इथेच बहुतेक मशिनी कपाटात जातात. मेंदूला ते आवाज पुन्हा ओळखीचे व्हायला आठवडे, कधी महिने लागतात. म्हणून सुरुवातीला शांत खोलीत दोन तास, एकाच माणसाशी गप्पा. ते काम नातवाने घेतलं. तो रोज संध्याकाळी तात्यांना मोठ्याने बातम्या वाचून दाखवायचा आणि अधूनमधून मुद्दाम एखादा शब्द चुकवायचा. तात्यांनी पकडला तर तात्यांना गुण. घरच्यांना मी चारच गोष्टी सांगितल्या होत्या. स्वयंपाकघरातून ओरडून बोलायचं नाही, समोर येऊन बोलायचं आणि बोलताना मिक्सर, टीव्ही बंद. "जाऊ दे, काही नाही" हे वाक्य घरातून हद्दपार. माझ्या मते हे शेवटचं वाक्य म्हाताऱ्या माणसाला सगळ्यात जास्त एकटं पाडतं.

नारळी पौर्णिमेला तात्या नारळ लढवायचा खेळ बघायला गेले. गर्दीत फारसं कळलं नाही, गोंगाट असह्य झाला तेव्हा मशीनचा आवाज कमी करून बसले, पण जुन्या सोबत्यांसोबत बसले. सूनबाईने हे मला फोनवर सांगितलं, तेव्हा तिचा आवाज भरून आला होता.

दिवाळीच्या आधी ते पुन्हा आले. या वेळी मशीन लावून चाचणी घेतली. पाच शब्द ऐकून पाचही बरोबर म्हणाले. पाच मिनिटांनी तीन आठवले. म्हणजे ऐकण्याचा प्रश्न बराच सुटला, पण थोडा विसर खरोखरच आहे. हे मी घरच्यांपासून लपवलं नाही. बी-12, थायरॉइड, साखर, रक्तदाब तपासायला पाठवलंय आणि सहा महिन्यांनी पुन्हा बोलावलंय. ओळखीच्या रस्त्यावर वाट चुकणं, पैशांचा नेहमीचा हिशेब न जमणं, लिहून वाचायला दिलेलंही न आठवणं, यातलं काही दिसलं तर सहा महिने थांबायचं नाही, आणि कोणाच्याही एका कानाचं ऐकणं अचानक गेलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा, हेही बजावून सांगितलंय.

जाताना तात्या दारात थांबले, छताकडे बघून म्हणाले, "आज पंखो बंद ठेवलंस, ता बरा केलंस."