फाउंटन पेन कुठला, लॅमी सफारी घेऊ की पायलट मेट्रोपॉलिटन? (रोज मराठीत लिहिणं, राहणं जळगावला)

मराठीच लिहायचं असेल तर पायलट घ्या, भाऊ. फाइन, म्हणजे बारीक निबचा.

कारण साधं आहे. पायलट जपानी, लॅमी जर्मन, आणि जपानी फाइन हा जर्मन फाइनपेक्षा चांगलाच बारीक. साध्या रजिस्टरच्या कागदावर शाई पसरते, मग जाड निबने ‘ध’ आणि ‘घ’ सारखेच दिसायला लागतात, ‘ष्ट’चं पोट भरून जातं. सफारीच हवी असेल तर एक्स्ट्रा फाइन मागा. तिचा निब नुसता ओढून काढता येतो, नंतर दुसरा बसवता येतो, ही सोय मात्र मोठी.

पकड दुकानात बघून घ्या. सफारीची त्रिकोणी आहे. बोटं तिथे बसली तर छान, नाहीतर दोन पानांत अंगठा बोलायला लागतो. मेट्रोपॉलिटनची गोल, पण अंग पितळी, म्हणून वजनदार. सफारी प्लास्टिकची, हलकी. खाचेतून शाई किती उरली तेही दिसतं.

आता आपल्याकडचा उन्हाळा. पारा ४४-४५ वर गेला की कुठलाही फाउंटन पेन गाडीच्या डिकीत ठेवू नका. आतली हवा फुगते आणि शाई टोपणात उतरते. माझा एक पांढरा शर्ट त्यातच गेला. खिशात निब वर करून ठेवा. आठवडाभर लिहिणार नसाल तर साध्या पाण्याने धुऊन ठेवा, गरम पाणी नको.

कन्व्हर्टर (बाटलीतली शाई ओढून भरायची नळी) डब्यातच आहे का, तेवढं पैसे देण्याआधी विचारा.