बर्बन ‘मुरते’ की ‘परिपक्व होते’?

विचारणा अशी आहे : ‘जेफरसन्स ओशन’ या बर्बनच्या (म्हणजे मुख्यतः मक्याच्या अमेरिकन व्हिस्कीच्या) बाटलीवर ‘एज्ड ॲट सी’ असं छापलेलं असतं. ‘समुद्रात परिपक्व झालेली’ हे भाषांतर चालेल का?

‘परिपक्व’ नको. परिपक्व होतात फळं, विचार आणि क्वचित माणसं. लाकडी पिंपात ठेवलेल्या दारूचं जे होतं ते मुरणं, आणि हा शब्द इथे भलताच चपखल बसतो. मुरण्याच्या दोन तऱ्हा आहेत. पाऊस जमिनीत मुरतो, म्हणजे आत शिरतो. लोणचं मुरतं, म्हणजे फोड खार पिते, फोडीचा आंबटपणा खारात उतरतो आणि दोघांची चव बदलते. बर्बनचं दोन्ही होतं. उकाड्यात ती फुगून ओकच्या लाकडात शिरते, गारठ्यात रंग आणि व्हॅनिलासारखा वास घेऊन परत येते. लाकडात मुरते आणि लाकडामुळेही मुरते!

(‘आंबणे’ त्याआधीचं. मक्याचं आंबोण आंबतं, मग दारू गाळली जाते, मग ती मुरते. बर्बनच्या धान्यात मका निदान ५१ टक्के लागतो.)

पिंप नवं आणि आतून जाळलेलं हवं, असा अमेरिकेचा कायदाच आहे. त्यामुळे बर्बनवाल्यांना ते दुसऱ्यांदा वापरता येत नाही. अशी वापरलेली पिंपं आपल्या गोव्यातही येतात आणि तिथल्या पॉल जॉन या कंपनीची माल्ट (जवाची) व्हिस्की त्यांत मुरते. गोव्याच्या उकाड्यात ती केंटकीपेक्षा (बर्बनचं माहेर असलेल्या अमेरिकन राज्यापेक्षा) भराभर मुरते, आणि उडूनही जास्त जाते.

आता ‘समुद्रात’. हा शब्द वाचला की पिंप दोरीला बांधून पाण्यात सोडलंय असं वाटतं. ‘समुद्रावर’ म्हणावं तर आपण समुद्रावर भेळ खायला जातो. प्रत्यक्षात केंटकीत आधीच काही वर्षं मुरलेल्या बर्बनची पिंपं जहाजावर चढवतात. जहाज विषुववृत्त ओलांडत फिरतं, पिंपातली दारू सतत हिंदकळत लाकडाला लागते आणि हवा गरम-गार होत राहते. म्हणून ‘जहाजावर मुरवलेली’ म्हणा. ‘मुरलेली’ म्हटलं तरी चूक नाही, पण इथे कुणीतरी मुद्दाम खटाटोप केलाय आणि तो ‘व’ त्याचा आहे.

एकदा एका मित्राकडे ही चाखली. आधी करपवलेल्या साखरेचा गोडवा, मग जिभेच्या कडेला मिठाचा अगदी पुसट स्पर्श. तो खरंच होता की लेबल वाचल्यामुळे लागला, देव जाणे. पण त्याला ‘खारट’ म्हणू नका. मराठीत खारट ही तक्रार असते, भाजी खारट झाली की ताट बाजूला सरकतं. ‘मिठाची झाक’ म्हणा, फार तर ‘खारटसर’.